बाटलीवरचं वाचून दाखवताना

दुपारी अडीचला, शटर अर्धं ओढलेलं,
पुंडलिक खवणेकर वाकून आत आला
आणि पिशवीतून पांढरी बाटली काढून
काउंटरवर ठेवली, तोलायला मासळी ठेवावी तशी.
"भाच्यान मस्कतसून पाठवल्यान. वाच बगूया."

मी चष्मा शोधला.
एल-आर्जिनिन. पाचशे मिलिग्रॅम. शंभर कॅप्सूल.
रक्तवाहिन्या सैलावतात, असा दावा.
दम वाढतो, असाही दावा.
खाली मुंग्यांएवढ्या अक्षरांत:
औषधं चालू असल्यास डॉक्टरांना विचारा.
मुंग्या गोडाकडे जातात,
ही रांग बाटलीच्या मागच्या बाजूला निघालेली.

"म्हणजे काय गो ता?"

डी.फार्म.च्या वहीत मी याच्या साखळ्या काढल्या होत्या.
त्याला म्हटलं, अंग म्हणजे तुमचं रापणीचं जाळं,
आणि हा त्यातला दोरा, एका जातीचा.
"मगे माज्या जाळ्याक दोरो कमी पडलो?"
नाही हो. बांगड्यात असतो, शेंगदाण्यात असतो,
शरीर स्वतःही वळतं थोडा.
तो हिरमुसला.
बांगड्यात मिळतं ते औषध कसलं.

मग खरं कारण सांगितलं, रस्त्याकडे बघत.
गेल्या वर्षी रापण ओढताना छातीत आलं,
झटकाच तो, ओरोसला चार दिवस.
तेव्हापासून पोरं दोराला हात लावू देत नाहीत.
वाटा देतात. दोन बांगडे जास्तच.
"वाटो गावता. दोर गावना नाय."

त्याच्या खिशातली दुसरी बाटली मला ठाऊक होती,
लहान, तपकिरी, दर महिन्याला मीच देते.
दुखलं की जिभेखाली एक.
तीही वाहिन्या सैल करते.
होडी एका दोराने बांधलेली,
तोच दोर दोघींनी एकदम सोडला तर?
डोळ्यांपुढे काळोख, आणि गुडघाभर पाण्यात माणूस.
शिवाय झटका येऊन गेलेल्याला ही पांढरी
मुळात देऊच नये, असं वाचलेलं.
सगळं सांगितलं. होडीसकट.

"ईख आसा?"
विष नाही. कुणाला चालेल,
कुणाचं पोट बिघडेल, कुणाला काहीच होणार नाही,
पैसे तेवढे जातील.
तुम्हाला नको.

हे बोलताना माझ्या पाठीमागे
सहा डबे उभे होते, अमिनो, संत्र्याच्या चवीचे,
दंड फुगवलेल्या बाप्याचं चित्र असलेले.
दहावर एक फुकट, म्हणून घेतलेले.
परवाच रुझारच्या धाकट्याला एक दिला.
सतरा वर्षांचा. काही विचारलं नाही,
सुटे नव्हते म्हणून चार चॉकलेटं दिली.

पुंडलिक त्या डब्यांकडे बघत होता.
"आणि ते?"
मी म्हटलं, ते वेगळे.

फारसे वेगळे नव्हते.

तो बाटली घेऊनच गेला. भाच्याची माया,
दुकानात कशी टाकणार.

शुक्रवारी नवाबागेत रापण लागली.
दोन दोरांवर तीसेक माणसं, पाय वाळूत रुतवून.
तो मागे बसलेला,
ओढून आलेला ओला दोर वेटोळ्यात घालत.
त्यालाही जोर लागतो, पण बसून.
शेजारी ती बाटली, आत गळ आणि जाळ्याची सुई.
बाटलीतला कापूस कानात, वाऱ्याला.

कॅप्सूल कुठे गेल्या, मी विचारलं.
"माडाच्या आळ्यात घातलंय.
वाढता काय बगूया."
हसला. मग हसताना छातीवर हात गेला,
सवयीने असेल.

रुझारचं घर तिथून चार माड पलीकडे.
पोरगा अंगणात जोर काढत होता,
पायरीवर तो डबा, झाकण उघडं.
काय विचारायचं ते मनात जुळवत होते:
दिवसाला किती घेतोस, पाणी किती पितोस,
घरात मूत्रपिंडाचा त्रास कुणाला.
जुळेना. तशीच गेले,
चपला हातात घेऊन.